भिंतीला टेकून घेतलेली झोप

परवा माझ्या मुलाची झोप तपासली. हो, झोप. आता झोपसुद्धा तपासतात. पन्नाशीला टेकलेल्या त्या घोड्याला दवाखान्यातल्या थंडगार खोलीत निजवलं, डोक्याला वायरी चिकटवल्या, छातीला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला, आणि सकाळी एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आम्हाला त्याच्या श्वासाची रेघ दाखवली. रेघ चालता चालता सपाट व्हायची, बराच वेळ तशीच राहायची आणि मग एकदम उसळायची. झोपेत घसा मिटतो, हवा आत जात नाही, जीव घाबरा होतो, माणूस अर्धवट जागा होतो आणि पुन्हा तेच, असं त्यांनी समजावून सांगितलं. उपाय म्हणजे उशाशी एक लहानसं यंत्र. नाकावर मुखवटा चढवायचा, नळीतून दाबानं हवा येते आणि घसा उघडा राहतो. झालं. एवढंच. मग सहज विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, आजी, घरात आधी कुणाला असं होतं का? याचे वडील घोरायचे का?

माझं टाळकं सरकलं. त्या बिचारीची काही चूक नव्हती. पण एवढंच, झालं, यंत्र लावा, हे ऐकून मी पदर तोंडाला लावला. मुलगा माझ्याकडं बघत होता. त्याला वडील आठवत नाहीत. मी म्हणाले, घोरायचे. बाकीचं तिथं बोलले असते तर तोंडातून शिव्याच बाहेर पडल्या असत्या, म्हणून इथं लिहिते.

लग्न होऊन दुधनीहून सोलापुरात आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माहेरी आम्ही कानडीच बोलायचो. सासरी कानडीत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपायचं. सासरे नव्हते. बाजारातलं अडत दुकान आमचे हे आणि धाकटे दीर मिळून बघायचे, आणि घर सासूबाई चालवायच्या. आम्ही सासूला अत्ती म्हणतो. अत्तींनी एकदा म्हटलं की म्हटलं. त्या घरात त्यांच्या शब्दाला मांजरसुद्धा आडवं जात नव्हतं.

आठवड्याभरात मला कळलं की आमचे हे घोरतात आणि घरात त्याचं कोण कौतुक आहे. अत्ती आल्यागेल्याला सांगायच्या, माझा अप्पा पाठ टेकली की घोरतो, पोटात पाप न्हाय त्याच्या. शेजारी विणकराचं घर होतं. तिथली म्हातारी भिंतीपलीकडून घोरणं ऐकून तेलुगूत काहीतरी बोलून हसायची, आणि तिची सून मला मराठीत सांगायची, ताई, निवांत झोपणारा नवरा मिळाला की तुम्हाला. निवांत म्हणे. हा निवांत माणूस सकाळी उठायचा तो डोळे लालभडक, घशाला कोरड, डोकं ठणकतंय आणि अंग असं आंबलेलं की रात्रभर कुणी हमाली करून घेतल्यासारखं. जेवताना कडक भाकरी मोडता मोडता डोळा लागायचा. हात ताटात, मान छातीवर. मी मुद्दाम तांब्या आपटायची, जाग यावी म्हणून.

त्यांची शरीरयष्टी जाड, मान आखूड. वय तरी काय, तिशीच्या आतबाहेर. स्वभावानं इतके गरीब की चिडले तरी लगेच ओशाळायचे. मला ते आवडायचे, हे सांगून टाकते. त्या काळात बायका असं लिहीत नसत, बोलत तर त्याहून नसत.

आम्हा लिंगायतांत सकाळची अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. नजर लिंगावर ठेवायची आणि स्थिर बसायचं. आमचे हे बसायचे, विभूती लावायचे, लिंग तळहातावर घ्यायचे आणि दोन मिनिटांत डोळे मिटून गपगार. हात तसाच समोर, लिंग तसंच तळहातावर. अत्तींना वाटायचं, लेकाला ध्यान लागतं. त्या दारात उभ्या राहून हात जोडायच्या. एकदा मठातले स्वामी जेवायला आले होते, त्यांना बोलावून दाखवलं. स्वामींनी बघितलं, मान डोलवली आणि पूर्वपुण्याई असं काहीतरी म्हणाले. मी चहा घेऊन मागं उभी होते. मला ध्यान दिसत नव्हतं. मला झोपेनं मेलेला माणूस दिसत होता. पण नव्या सुनेनं तिथं तोंड उघडायचं म्हणजे काय, माहेरची वाट धरायची.

बाजारात मात्र ध्यान चालत नाही. तेव्हा अडतीवर शेंगांचा भाव रुमालाखाली ठरायचा. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे, बोटांवरून आकडा, तोंडानं अक्षर नाही. मोडनिंबकडचा एक शेतकरी माल घेऊन आला होता. आमच्या ह्यांनी रुमालाखाली हात घातला आणि हात घातल्या घातल्या झोपले. समोरच्या व्यापाऱ्याला वाटलं, हा माणूस काही बधत नाही. त्यानं भाव वाढवला. पुन्हा वाढवला. शेतकरी खूश, सगळी पेठ थक्क. दीर घरी येऊन हसून हसून सांगत होते. पुढच्या वेळी रुमालाखाली हात असताना ते घोरायला लागले, आणि मग कुणी थक्क झालं नाही. पोरं त्यांना चिडवायला लागली. हळूहळू गादीवर दीर बसायला लागले आणि ह्यांना मागच्या बाजूला, पोत्यांपाशी, वजनावर लक्ष ठेवायला बसवलं. तिथंही ते झोपायचे. घरी आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, मला काय झालंय गं, मी इतका ऐदी नव्हतो. मी म्हणाले, तुम्ही ऐदी नाही. पण काय झालंय ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

ते मला मुलगा चालायला लागला त्या उन्हाळ्यात कळलं. सोलापूरचं ऊन असं की दुपारी पेठ ओस पडायची. हे घरी येऊन जेवून आमच्या खोलीत पडायचे. दिवसाढवळ्या सून नवऱ्याजवळ जाऊन बसली तर अत्तींचे डोळे मोठे व्हायचे, म्हणून मी डाळ निवडायच्या निमित्तानं सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची. आणि बघायची. घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम तुटायचं. आवाज बंद. पोट मात्र हलतंय, छाती ओढ घेतेय, अडकलेला पोहरा विहिरीतून ओढावा तशी, आणि नाकातोंडातून काही नाही. मी सूप टाकून जवळ गेले, नाकापुढं बोट धरलं. वारा नाही. ओठ काळसर पडायला लागले. मी हलवणार एवढ्यात मोठा आचका देऊन श्वास आत गेला, आणि डोळे न उघडता पुन्हा घोरणं सुरू. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दुपारभर तेच.

मी अत्तींना सांगितलं. त्या म्हणाल्या, नवऱ्याला नजर लावू नकोस. मग मी हट्टच धरला, दोन दिवस जेवले नाही, तेव्हा दिरांनी ह्यांना मोठ्या डॉक्टरकडं नेलं आणि मला सोबत घेतलं. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब बघितला, वजन कमी करायला सांगितलं. मी श्वास थांबतो म्हणाले, तर ते हसले. म्हणाले, घोरणं हा काही रोग नाही, तुम्ही नवऱ्याची झोप राखत बसता की काय? बाहेरचा कंपाउंडरही हसला. मग सकाळी ताजंतवानं वाटत नाही या तक्रारीवर त्यांनी औषध लिहून दिलं. कसलं, तर झोपेची गोळी. गाढ झोप लागली की सगळं ठीक होईल म्हणाले. परवा निघता निघता त्या डॉक्टरीणबाईंना मी एवढंच विचारलं, अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर? त्या म्हणाल्या, अजिबात द्यायची नाही, घसा आणखी सैल पडतो. त्या काळात या आजाराचं नावही आपल्याकडं कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, हे मला मान्य आहे. पण बाई सांगतेय तर एकदा येऊन बघावं, निदान हसू नये, एवढं कळायला कुठलं पुस्तक लागतं?

गोळीनं ते आणखी घोरायला लागले आणि श्वास बंद राहण्याचा वेळ वाढला. अशात एका दुपारी पाहुण्यांची वाट बघत ते माजघरात लोडाला टेकून बसले होते. मी चुलीपाशी. घोरणं ऐकू येईना म्हणून हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. बघते तर बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून, झोपलेत. आणि श्वास असा सावकाश चाललाय, तान्ह्या पोरासारखा. मी तिथंच खाली बसले.

मग आमच्या खोलीत आमचा बेत सुरू झाला. कमरेला एक लोड, मानेमागं एक, आणि भिंतीला टेकून झोपायचं. गोळी मी बंद करून टाकली. पहिल्यांदा ते हसले, म्हणाले, मी काय मारवाड्याचा मुनीम हाय का बसून झोपायला? पण माझं मन मोडवेना म्हणून बसले. मान घसरायची, मी पुन्हा लोड सारखा करायची. तीन-चार दिवसांत मला कुठं काय द्यायचं ते बरोबर कळलं. आणि एका सकाळी उठून ते म्हणाले, "आज डोकं हलकं हाय की." असं म्हणून स्वतःच चूल पेटवायला बसले. अत्ती बघतच राहिल्या.

ते दिवस माझ्या संसारातले. पुढंमागं काही नाही, तेवढेच. ते पूजेत जागे राहायला लागले, याचं अत्तींना जरा वाईटच वाटलं. दुकानात पुन्हा गादीवर बसायला लागले. संध्याकाळी मुलाला खांद्यावर घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायचे, मासे दाखवायचे, घरी येऊन त्याच्या बोबड्या बोलण्याची नक्कल करायचे. माझ्याशी बोलायचे. मला तोवर ठाऊकच नव्हतं की हा माणूस इतका बोलतो, इतका विनोदी आहे. मुलाला यातलं काही आठवत नाही. मी सांगते तेव्हा तो ऐकून घेतो, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसं.

आता एक सांगायला हवं. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात आणि मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात. लोक येतात, फुलं वाहतात. नेतानाही बसवूनच नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या आजोबांना मी तसं बघितलं होतं. पण जिवंत माणसाला नीट श्वास घेताना बघून मला ते एकदाही आठवलं नाही, देवाशपथ.

श्रावणातला सोमवार होता. उशिरा पूजा झाली, उपास होता, आमच्या खोलीचे पत्रे तापलेले म्हणून हे माजघरातच भिंतीला टेकले आणि डोळा लागला. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, मांडी घातलेली, समोर पूजेची फुलं. अत्ती शेजारणीला घेऊन देवळातून आल्या आणि दारातच त्यांनी जो हंबरडा फोडला तो अख्ख्या बोळानं ऐकला. विणकराकडची माणसं धावली, समोरचे धावले, कुणीतरी दुकानावर निरोप पाठवला. आमचे हे दचकून जागे झाले तर समोर पन्नास माणसं आणि आई ऊर बडवतेय.

गर्दी पांगल्यावर अत्ती माझ्यावर उलटल्या. "जित्या माणसाला असं बसवतंय का गं कुणी? तुला रंडकी व्हायची घाई झालीया?" असं त्या मला म्हणाल्या, मुलासमोर, दिरासमोर. मी पहिल्यांदाच उलट बोलले. सांगितलं, आडवे झाले की त्यांचा श्वास अडकतो, मी डोळ्यांनी बघितलंय, तुम्ही एकदा शेजारी बसून बघा. त्या म्हणाल्या, "जल्मल्यापासनं म्या त्याला आडवाच निजवलाय. मेला का त्यो?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे बोलतील. डोकं कुणाचं हलकं झालं होतं? त्यांनी खाली बघितलं. पेठेत तोवर बोभाटा झाला होता की अमक्याच्या बायकोनं नवऱ्याला जिता असताना बसवलं. नंतर मला एकटीला म्हणाले, "आईच्या मनाला लागलंय. ऱ्हाऊ दे, पडतो मी आडवा." आईच्या मनाला लागलं. माझ्या मनाला काय, दगड बांधला होता? मी भांडले, रडले, पाया पडले. पण खरं सांगायचं तर तेही घाबरले होते. जागं झाल्यावर पन्नास माणसांच्या चेहऱ्यावर त्यांनी स्वतःचं मरण बघितलं होतं. पुन्हा भिंतीला टेकायला ते तयार होईनात.

अत्तींनी स्वामींना बोलावून घराची शांती करून घेतली. पिंजाऱ्याकडून नवी गुबगुबीत गादी भरून आणली आणि लेकाचं अंथरूण आपल्या खोलीत नेलं, माझ्या हाताला लागू नये म्हणून. ती झोपेची गोळीही शोधून काढली आणि रोज दुधाबरोबर स्वतः द्यायला लागल्या. अत्तींचं लेकावर प्रेम नव्हतं असं मला म्हणता येत नाही. लई होतं. प्रेमानं गोळी द्यायच्या, प्रेमानं पायाला तेल लावायच्या, प्रेमानं सरळ उताणा निजवायच्या. वैऱ्यानं केलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते. आईला काय करायचं?

ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. डोळे लाल, मान छातीवर, बोलणं बंद. पोत्यांपाशी जाऊन बसले. मी स्वयंपाकघरातून कान लावून असायची. घोरणं ऐकू आलं की हात चालायचे, थांबलं की हात थांबायचे, आचका ऐकू आला की पुन्हा लाटणं सुरू. माझे महिनेच्या महिने असे गेले.

कार्तिकात घरी जेवणावळ होती. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती. पुरुषांची पंगत उठली, हे जेवून अत्तींच्या खोलीत आडवे झाले आणि मी बायकांच्या पंगतीत वाढायला लागले. घोरणं चालू होतं. बायका त्यावरून चेष्टा करत होत्या. मी तुपाची वाटी घेऊन ओळीच्या मध्यावर होते तेव्हा ते थांबलं. मी उभी राहिले. आता आचका येईल. बायका बोलत होत्या, बांगड्या वाजत होत्या, मला नीट ऐकू येईना. अत्तींनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, हळू बोला, अप्पाला आज शांत झोप लागलीया.

मी वाटी तिथंच टाकली. तूप सांडलं, कुणीतरी ओरडलं. मी खोलीत गेले. नव्या गादीवर ते सरळ उताणे होते, तोंड उघडं, चेहरा काळाठिक्कर. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि सगळा जोर लावून त्यांना उठवून भिंतीला बसवलं. गालावर मारलं, हाक मारली, छाती चोळली. अंग गरम होतं. मान मात्र राहत नव्हती. अत्ती मागून आल्या आणि मला त्यांना बसवताना बघून किंचाळल्या, आडवं कर त्याला, आडवं कर. मी केलं नाही. मग त्या जवळ आल्या, त्यांनी लेकाच्या नाकापुढं हात धरला, आणि तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी पुरुषांनी त्यांना अंघोळ घातली, विभूती लावली आणि माजघरात त्याच भिंतीला टेकवून बसवलं. भिंतीतल्या खुंटीला पट्टी बांधून डोकं धरायचा प्रयत्न केला, पण मान आखूड आणि अंग जड, ती एका बाजूला कलायची. दीर सारखी करायचे, पुन्हा कलायची. माणसं खोळंबली होती. मी कोपऱ्यात बसले होते. अत्तींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तू दे गं लोड. तुला ठावं हाय त्याची मान कशी ऱ्हाती ते."

मी उठले. कमरेला एक दिला, मानेमागं एक दिला. मान राहिली. मग लोक फुलं घेऊन पुढं यायला लागले, आणि त्या घरात त्या दिवशी त्यांना आडवं करा असं कुणीही म्हणालं नाही.